गाडी कूलंट पिते, थेंब मात्र कुठेच नाही: हेड खोलायच्या आधी काय काय तपासायचं

दर पंधरा-वीस दिवसांनी बॉनेट उघडावं, तर कूलंटच्या बाटलीतली पातळी खालच्या रेघेच्याही खाली. पार्किंगच्या फरशीवर डाग नाही, टेंपरेचरचा काटा मध्यावर, गाडी चालतेय छान. मग थोडं पाणी ओतायचं आणि पुढे जायचं. कधीतरी गॅरेजमध्ये विषय निघतो आणि बॉनेट पुरतं वर व्हायच्या आत निदान हजर असतं, "साहेब, हेड गॅस्केट गेलंय. हेड खोलावं लागेल."

हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, आणि हेड गॅस्केट म्हणजे तो आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील. कधी कधी हे निदान खरंही असतं. पण बाहेर थेंब दिसत नाही म्हणजे गळती आतच आहे, हे गणित चुकतं. नव्वद अंशांचं कूलंट तापलेल्या लोखंडावर झिरपलं की जमिनीवर पोचायच्या आधीच वाफ होऊन उडतं. रेडिएटरच्या कडेने पाझरलेलं चालत्या गाडीच्या वाऱ्याने वाळतं. उरलंसुरलं इंजिनाखालच्या प्लास्टिकच्या ताटात साचतं किंवा तिथल्या फोममध्ये मुरतं. 'लपलेली' म्हणून येणारी बरीच गळती अशी बाहेरचीच असते. म्हणून तपासणीचा क्रम फुकटातल्या गोष्टींपासून महागड्यांकडे जाणारा हवा, आणि हेडचा पाना सगळ्यात शेवटी हातात यायला हवा.

आधी एक ताकीद. इंजिन गरम असताना रेडिएटरची कॅप किंवा प्रेशरच्या बाटलीचं झाकण उघडायचं नाही. फडकं धरून, 'थोडंसंच' फिरवूनसुद्धा नाही. आतलं कूलंट केवळ दाबामुळे उकळायचं थांबलेलं असू शकतं. झाकण सैल होताच ते उसळून हातातोंडावर येतं. रेडिएटरचा वरचा जाड रबरी होज पाइप बोटांनी दाबून बघा, टणक लागला तर थांबा. शिवाय किल्ली काढल्यावरही काही गाड्यांचा पंखा अचानक फिरायला लागतो, तेव्हा ओढणी, बाही आणि बोटं त्याच्यापासून लांब.

पातळी खरंच उतरते आहे का

कूलंट तापलं की फुगतं. साधारण ५ लिटरची सिस्टिम सकाळच्या २५ अंशांवरून ९० अंशांवर गेली की आकारमान २०० ते २५० मिलीने वाढतं. म्हणून संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर पाहिलेली पातळी आणि सकाळची पातळी यांची तुलना करून घाबरण्यात अर्थ नाही. बघायचं ते रात्रभर उभ्या गाडीत, रोज त्याच सपाट जागेवर. बाटलीवर मास्किंग टेपची पट्टी चिकटवा, पेनाने रेघ मारा, शेजारी तारीख आणि किलोमीटर लिहा. भर घालायची तर मापाच्या कपाने मोजून घाला. हा हिशेब पुढे मेकॅनिकसमोर तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा ठरतो.

दुसरी गोष्ट, तुमच्या गाडीची बाटली कोणत्या जातीची आहे ते ओळखा. अनेक जपानी आणि कोरियन गाड्यांमध्ये रेडिएटरच्या डोक्यावर धातूची कॅप असते आणि बाजूला साधी, बिनदाबाची बाटली. इथे एक फसगत होते. कॅप बिघडली किंवा मधली बारीक नळी चिरली, तर बाहेर आलेलं कूलंट थंड झाल्यावर रेडिएटरमध्ये परत ओढलं जात नाही. बाटली गच्च भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा, असं चित्र तयार होतं. म्हणून इंजिन पूर्ण थंड असताना धातूची कॅप काढून आत काठोकाठ आहे का, ते डोळ्यांनी बघायचं. युरोपीय वळणाच्या गाड्यांत मात्र आटे असलेल्या झाकणाची, दाब सहन करणारी बाटली असते. तिथे बाटलीतली पातळी हीच सिस्टिमची पातळी.

अलीकडे रेडिएटर, होज किंवा वॉटर पंप बदलला असेल, तर पहिल्या काही दिवसांत थोडी पातळी उतरणं स्वाभाविक आहे. आत अडकलेली हवा हळूहळू वर येते आणि तिची जागा कूलंट घेतं. एकदा-दोनदा भर घातल्यावर हे थांबायला हवं.

ही नोंद वहीत दोन-तीन आठवडे ठेवली की उतरण्याची तऱ्हा दिसू लागते. गाडी नुसती उभी असतानाही पातळी जाते? मग क्लॅम्प किंवा होजच्या तोंडाशी बघा. गारठ्यात रबर आकसतं आणि तिथून पाझर सुटतो, गरम झालं की बंद होतो. शहरात काही नाही, पण घाट किंवा हायवे झाला की उतरते? मग दाबाशी संबंध आहे: कॅप, एखादी बारीक भेग, किंवा हेड गॅस्केटची सुरुवात. आठवड्याला अर्धा लिटर जात असेल, तर वही बाजूला ठेवा आणि गाडी चालवणं थांबवा.

पहिला संशयित: कॅप

कॅपचं काम कुकरच्या शिट्टीसारखं आहे. ठरलेल्या दाबापर्यंत आतलं आत ठेवायचं, त्यापुढे सोडायचं. बहुतेक कॅपवर ०.९ किंवा १.१ असा, बार या मापातला दाबाचा आकडा छापलेला असतो. काहींवर तोच ८८ किंवा १०८ किलोपास्कल असा. या दाबामुळेच निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकोल असलेलं कूलंट सव्वाशे अंशांच्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही. दाब नसेल तर साधं पाणी महाबळेश्वरच्या उंचीवर पंचाण्णव-शहाण्णव अंशांनाच उकळू लागतं.

कॅपचं रबर कडक झालं, चिरलं किंवा स्प्रिंग ढिली पडली, की ती वेळेआधीच सोडते. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना मे महिन्यात, एसी लावून, चार माणसं आणि सामान घेऊन खंबाटकी चढलात, की कूलंट कॅपखालून बाटलीत आणि बाटलीच्या ओव्हरफ्लो नळीतून खाली रस्त्यावर जातं. साताऱ्याला चहाला थांबेपर्यंत सगळं वाळलेलं असतं. दुसऱ्या दिवशी पातळी कमी आणि खुणा शून्य.

थंड कॅप काढून रबराच्या कडा बघा. मध्यभागी छोटी व्हॅक्यूमची झडप असते, ती नखाने ओढली तर सुटून परत बसायला हवी. सकाळी वरचा होज चपटा, आत ओढल्यासारखा दिसला, तर ही झडप अडकली आहे. नवीन कॅप घेताना आकडा तोच हवा. 'जास्त दाबाची टाका, चांगली असते' असं काउंटरवर सांगतात, ते ऐकू नका. वाढीव दाब प्लास्टिकच्या टाकीच्या आणि हीटर कोअरच्या (केबिन गरम करणाऱ्या छोट्या रेडिएटरच्या) जिवावर येतो. कॅप जुनी असेल तर ती बदलूनच पुढे जावं, या मताचा मी आहे. बाकी कुठलाही पार्ट अंदाजाने बदलू नये.

वाळलेल्या खुणा वाचणं

आता टॉर्च, छोटा आरसा आणि फोनचा कॅमेरा. इंजिन थंड. ओला थेंब शोधू नका, वाळलेला थर शोधा. कूलंटमधलं पाणी उडून जातं आणि मागे पांढरट, हिरवट किंवा गुलाबी पूड राहते. धुळीचा थर सगळीकडे सारखा असतो. हा थर मात्र एका बिंदूपासून सुरू होऊन खाली ओघळत जातो आणि त्याच्या कडा ठळक असतात. ताजा असेल तर बोटाला किंचित चिकट लागतो, गोडसर वास येतो. बोट पुसून टाका, चाखायचा मोह नको. इथिलीन ग्लायकोल विषारी आहे.

कुठे बघायचं? रेडिएटरचा गाभा ॲल्युमिनियमचा आणि दोन्ही कडांच्या टाक्या प्लास्टिकच्या असतात. जिथे धातूच्या दातांनी प्लास्टिक दाबून धरलेलं असतं, त्या शिवणीवर बारकाईने बघा, विशेषतः खालच्या कोपऱ्यात. एका मित्राच्या डिझेल हॅचबॅकचं हेड उतरवायचं ठरलं होतं, वेळही घेतलेली होती. पंख्याची जाळी काढल्यावर याच शिवणीवर बोटभर लांबीची गुलाबी रेघ दिसली. समोरून एसीचा कंडेन्सर आणि मागून पंखा, त्यामुळे ती आजवर कोणाच्या नजरेला पडली नव्हती.

थर्मोस्टॅटची, म्हणजे तापमानानुसार कूलंटची वाट उघडणाऱ्या झडपेची, प्लास्टिकची हाउसिंग, तिथल्या सेन्सरची ओ-रिंग, इंजिनामागे फायरवॉलकडे (केबिन आणि इंजिनामधल्या पत्र्याकडे) जाणारे हीटरचे दोन होज, टर्बोला जाणाऱ्या बारीक नळ्या, प्लास्टिकचे टी-जोड, प्रेशरच्या बाटलीच्या तळाची शिवण, सगळीकडे आरसा फिरवा. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली ऊब शोधत येतात आणि वायरिंगबरोबर होजही कुरतडतात. दातांची नक्षी दिसली तर पुढचा तपास तिथेच संपला.

वॉटर पंपाला, म्हणजे गॅरेजच्या भाषेत वॉटर बॉडीला, खालच्या अंगाला मुद्दाम ठेवलेलं एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर पडावं, ही त्याची योजना. त्या भोकाखाली थर दिसला तर पंपाचे दिवस भरलेत. पंप बाहेरच्या पट्ट्यावर चालत असेल तर हे चटकन दिसतं, १.३ लिटरच्या मल्टिजेट डिझेलमध्ये तसं आहे. पण रेनो डस्टरच्या १.५ डिझेलसारख्या इंजिनांत पंप टायमिंग बेल्टवर फिरतो आणि कव्हरच्या आत दडलेला असतो. तिथे कव्हर सोडवल्याशिवाय निर्वाळा देता येत नाही. शिवाय पाझरलेलं कूलंट बेल्टवर जातं, म्हणून अशा गाडीत चालढकल नको.

गाडीखाली पुढच्या डाव्या बाजूला पडणारं स्वच्छ, बिनवासाचं पाणी एसीचं असतं. त्याला गळती समजू नका.

प्रेशर टेस्ट: खरा निकाल इथे लागतो

डोळ्यांना काही सापडलं नाही, तर इंजिन थंड ठेवून आतला दाब मात्र गरम इंजिनाइतका करायचा. त्यासाठी हातपंप, दाब दाखवणारं घड्याळ आणि वेगवेगळ्या तोंडांचे ॲडॉप्टर असलेला संच मिळतो. बऱ्याच गॅरेजमध्ये तो असतो, फक्त कपाटातून बाहेर काढायचा कंटाळा असतो. "प्रेशर टेस्ट करून द्या, मी थांबतो," असं सरळ सांगा.

इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं. कोमट इंजिनावर टेस्ट केली तर ते निवताना दाब आपोआप उतरतो आणि नसलेली गळती दिसते. पातळी भरून घ्या, कॅपच्या जागी ॲडॉप्टर बसवा, हळूहळू पंप मारत कॅपवरच्या आकड्यापर्यंत जा. १.१ ची कॅप असेल तर १.१ बार, म्हणजे साधारण १६ पीएसआय. त्याच्या पुढे नाही. मग हात काढून घ्या आणि काट्याकडे बघा.

वीस मिनिटं काटा जागचा हलला नाही, तर थंड अवस्थेत सिस्टिम धड आहे. काटा उतरतोय, तर कुठेतरी वाट आहे. आता पुन्हा टॉर्च घेऊन सगळ्या जोडांवरून फिरा. मघाशी कोरड्या असलेल्या शिवणीवर आता मणी उमटलेला दिसेल. रेडिओ, पंखा, शेजारचा कंप्रेसर बंद करा. बारीक फुसफूस ऐकू येते. होज हाताने हलवून बघा, काही भेगा होज वाकला तरच उघडतात. इंजिनाखालचं प्लास्टिकचं ताट उतरवून ठेवलेलं असेल तर काम निम्मं होतं.

काटा उतरतोय आणि बाहेर सगळं कोरडं? मग दोनच दिशा उरतात: केबिन किंवा इंजिनाचा आतला भाग. आधी केबिनमधला पुढच्या डाव्या पायापाशीचा गालिचा हाताने चाचपा. तो कोरडा असेल तर पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग काढा, दाब तसाच ठेवून तासभर थांबा, आणि प्लगच्या भोकातून फोनला जोडायचा एंडोस्कोप कॅमेरा आत सोडा. पिस्टनच्या डोक्यावर थेंब चमकला तर प्रश्न मिटला. एक पिस्टन बाकीच्यांपेक्षा लख्ख धुतल्यासारखा दिसणं हीसुद्धा जुनी खूण. आत येणाऱ्या वाफेने तिथला कार्बन निघालेला असतो. सिलिंडरमध्ये पाणी शिरल्याची शंका असेल तर प्लग बसवून स्टार्टर मारायचा नाही. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग बाहेर ठेवूनच इंजिन फिरवा आणि प्लगच्या भोकांसमोर तोंड नेऊ नका.

त्याच संचातल्या ॲडॉप्टरने कॅपही तपासता येते: छापलेल्या आकड्याच्या आसपास सोडायला हवी, फार आधी नाही आणि फार नंतरही नाही.

थंड टेस्टमध्ये काही मिळालं नाही, तर कूलंटमध्ये चमकणारा रंग टाका, आठवडाभर नेहमीसारखी गाडी चालवा आणि अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्चने बघा. फक्त गरम झाल्यावर उघडणाऱ्या भेगा पकडायला हा उपाय बरा. रंग कूलंटसाठीचा घ्या. एसी गॅसचा वेगळा असतो.

केबिनमधली गळती

डॅशबोर्डच्या पोटात हीटर कोअर नावाचा छोटा रेडिएटर असतो. मुंबई-कोकणात हीटर वर्षानुवर्षं लागत नाही, पण अनेक गाड्यांत गरम कूलंट त्यातून कायम फिरत असतं. तो पाझरला की काचेवर आतून चिकट धुकं धरतं, फडक्याने पुसलं तर तेलकट फराटे उमटतात, आणि ब्लोअर लावताच गोडसर वास येतो. गालिचा ओला असेल तर पांढरा टिश्यू दाबा. बिनरंगी पाणी एसीच्या तुंबलेल्या ड्रेनचं असतं, रंगीत आणि चिकट असेल तर हीटर कोअर.

इंजिनाच्या आत

इथे सगळ्यात स्वस्त टेस्ट सकाळची. रात्रभर थंड झालेल्या गाडीचं झाकण उघडताना हवा बाहेर फुसकन यायला नको; थंड सिस्टिममध्ये दाब शून्य किंवा किंचित उणा असतो. इंजिन पूर्ण गार असूनही दाब शिल्लक असेल, तर तो गरम पाण्याचा नाही, सिलिंडरमधून आलेल्या वायूचा आहे.

प्रेशर टेस्टर हाताशी असेल तर थंड इंजिनावर तो पंप न मारता नुसता बसवा आणि गाडी सुरू करा. कूलंट तापून दाब चढायला काही मिनिटं लागतात. काटा पहिल्याच मिनिटात झरझर चढायला लागला किंवा ठोक्यागणिक थरथरला, तर जळलेला वायू आत येतोय. कॅपच्या आकड्यापर्यंत पोचायच्या आत इंजिन बंद करा आणि दाब सोडा.

पक्कं करायला रासायनिक टेस्ट आहे. इंजिन थंड असतानाच झाकण काढून निळ्या द्रवाची नळी रेडिएटरच्या तोंडावर धरायची आणि इंजिन सुरू करून ते तापल्यावर आतली हवा रबरी फुग्याने त्या द्रवातून ओढायची. कार्बन डायऑक्साइड असेल तर निळ्याचा पिवळा होतो, डिझेलमध्ये बऱ्याचदा हिरवट. आधी पातळी थोडी कमी करून घ्या. कूलंट नळीत शिरलं तर द्रव वाया गेला. द्रव जिवंत आहे का ते बघायला थोडासा वेगळा काढून त्यात स्ट्रॉने फुंका. आपल्या उच्छ्वासात साधारण चार टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, तेवढ्याने रंग पालटायला हवा. बंदिस्त पार्किंगमध्ये सायलेन्सरचा धूर कोंडला असेल तर निकाल खोटा येतो. आणि एकदा निळा राहिला म्हणजे सुटका झाली असंही नाही: काही गॅस्केट फक्त भाराखाली सोडतात. घाट चढवून आणा आणि झाकणाची ताकीद पाळून, इंजिन निवल्यावर पुन्हा करा. कॅप आणि बाटलीच्या मधली नळी पाण्याच्या ग्लासात बुडवून सतत बुडबुडे येतात का, हे बघणंही घाटाहून आल्या आल्या सोयीचं पडतं.

ऑइलचं काय? ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला की लोकांचे हातपाय गळतात. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीत दमट हवेमुळे तो धडधाकट इंजिनातही धरतो. तासभर हायवेवर चालवून आणल्यावर गेला तर विषय संपला. डिपस्टिकवरचं ऑइलच मळकट दुधाळ असेल, पातळी वाढली असेल, तर मात्र गंभीर. शंका असल्यास जुन्या, टाकाऊ तव्यावर गरम करून दोन थेंब टाका. पाणी असेल तर तडतडतं. उलट दिशेने, कूलंटच्या बाटलीत ऑइलचा तवंग दिसला तर हेडइतकाच ऑइल कूलरही (कूलंटने ऑइल थंड करणारा भाग) संशयित आहे. चालू इंजिनात ऑइलचा दाब कूलंटपेक्षा जास्त असतो, त्यामुळे कूलर फुटला की ऑइल कूलंटकडे धावतं.

सायलेन्सरमधून सकाळी निघणारी पांढरी वाफ आणि पाण्याचे थेंब निरुपद्रवी. इंजिन तापल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर रेंगाळत असेल तर तो कूलंटचा.

डिझेलवाल्यांनी इथे एक पायरी गाळू नये: ईजीआर कूलर. जळलेला वायू परत इंजिनात पाठवण्याआधी तो कूलंटने थंड करणारा हा भाग. आतून चिरला की कूलंट वायूच्या वाटेत जातं आणि जळून जातं. ना बाहेर थेंब, ना ऑइलमध्ये पाणी. लक्षणं हेड गॅस्केटसारखीच, म्हणून चांगलं हेड खोललं जातं आणि सगळं जोडल्यावर गळती तशीच. कूलर सुटा काढून, तोंडं बंद करून, पाण्यात बुडवून हवेचा दाब दिला की बुडबुडे खरं सांगतात. हेडला हात लावण्यापूर्वी ही टेस्ट झालीच पाहिजे, असा आग्रह धरा.

दुरुस्ती

होज बदलताना धातूच्या किंवा प्लास्टिकच्या तोंडावरचा क्षार बारीक पॉलिश पेपरने साफ करा. नवा होज जुन्या खपल्यांवर बसत नाही. प्लास्टिकच्या तोंडाला कंपनीचा स्प्रिंग क्लॅम्पच चांगला, कारण तो गरम-थंड होताना दाब सांभाळतो. स्क्रूचा क्लॅम्प आवळताना ताकद दाखवली की तोंडच चिरतं.

रेडिएटरच्या शिवणीला एम-सील लावणं घरी पोचण्यापुरतं ठीक. टिकाऊ उपाय म्हणजे नवा रेडिएटर. टायमिंग बेल्टवरचा पंप बदलताना बेल्ट आणि तो ताणून धरणारा टेन्शनरही बदलून घ्या, मजुरी तीच पडते. हीटर कोअरसाठी डॅशबोर्ड उतरवावा लागतो. तोवर त्याचे दोन होज बाहेर एकमेकांना जोडून तो वगळता येतो. कोकणात एवढ्यावर वर्षं निघतात, काच साफ करायला एसी असतोच.

हेड खरंच काढायची वेळ आली, तर गॅस्केट बदलून सोडू देऊ नका. हेडवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने (पातळ पात्यांच्या मापाने) ते वाकलंय का ते मोजायचं, वर्कशॉपमध्ये प्रेशर देऊन भेगा तपासायच्या, गरज असेल तरच फेसिंग, म्हणजे तळ घासून सपाट, करायचं. अनेक इंजिनांत हेडचे बोल्ट एकदाच वापरायचे असतात, ते नवे घ्यावेत आणि टॉर्क पान्याने (जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने), कंपनीने दिलेल्या क्रमाने आणि तितकेच अंश फिरवून आवळावेत. आणि हेड का गेलं, याचं उत्तर सापडायला हवं. पंखा, थर्मोस्टॅट किंवा तुंबलेला रेडिएटर तसाच राहिला तर नवं गॅस्केटही जाईल. 'आपल्याकडे गरम होतं' म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत तर मोडूनच काढली पाहिजे. इंजिन थंडच राहतं, डिझेल जास्त खातं आणि गरम व्हायचं मूळ कारण लपून बसतं.

रेडिएटरमध्ये हळद टाकायचा ट्रकवाल्यांचा उपाय ऐकलेला असेलच. बारीक भोकात ती जाऊन बसते आणि आडरानात वेळ निभावते, हे खरं. पण ती फक्त भोकातच बसते असं नाही. हीटर कोअरच्या आणि रेडिएटरच्या अरुंद नळ्याही त्याच आकाराच्या असतात. बाजारातल्या गळतीबंद पावडरींचंही तेच. वापरलीच तर दुरुस्तीनंतर सिस्टिम धुऊन काढा.

भरणं आणि हवा काढणं

नळाचं किंवा बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार आत थर धरतात. तयार मिश्रण घ्या, किंवा कॉन्सन्ट्रेट असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये, डब्यावर दिलेल्या प्रमाणात. रंगावरून कूलंट निवडू नका. हिरव्या-गुलाबीला ठरलेलं मानक असं काही नाही, रंग कंपनीच्या मर्जीचा. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेला प्रकार बघा, डब्यावर आयएस ५७५९ किंवा जेआयएस के २२३४ असा उल्लेख आहे का बघा. वेगळ्या जातीची कूलंटं मिसळू नका.

गाडीचं तोंड थोडं चढावर ठेवा, हीटर पूर्ण गरमवर, हवा सोडायचा स्क्रू असेल तर तो उघडा. झाकण काढूनच थंड इंजिनात हळूहळू भरा, स्क्रूमधून बुडबुड्यांशिवाय सलग धार आली की तो बंद करा. होज अधूनमधून दाबा. पुस्तिका वेगळं सांगत नसेल तर झाकण लावून, पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवा. हीटरमधून एकसारखी गरम हवा यायला हवी. मध्येच थंड येत असेल तर हवा अजून अडकलेली आहे. काढताना किती निघालं आणि भरताना किती गेलं, हे मोजा. सहा लिटर निघून साडेचारच गेलं असेल, तर दीड लिटर हवा कुठेतरी बसली आहे. दुसऱ्या सकाळी पुन्हा पातळी बघून भर घाला आणि टेपवर नवी रेघ मारा.

काट्यावर फार विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो तापमानाच्या मोठ्या पट्ट्यात मध्यावरच थांबेल असा बसवलेला असतो, आणि पातळी इतकी उतरली की सेन्सर उघडा पडला, तर तो खालीसुद्धा येतो. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावायचा ब्लूटूथ ओबीडी रीडर, म्हणजे इंजिनाचे सेन्सर वाचणारं यंत्र, काहीशे रुपयांत मिळतो. फोनवर खरा आकडा दिसतो. त्यावर १०५-११० दिसू लागलं तर एसी बंद, हीटर आणि ब्लोअर पूर्ण, आणि सुरक्षित जागा बघून बाजूला. बाटली रिकामी असेल किंवा लाल दिवा लागला असेल तर इंजिन लगेच बंद. अर्धा-पाऊण तास तसंच राहू द्या, तापलेल्या ब्लॉकमध्ये गार पाणी ओतू नका.

काढलेलं जुनं कूलंट गटारात किंवा झाडाच्या आळ्यात ओतू नका, आणि उघड्या ताटात तर ठेवूच नका. गोडसर असल्यामुळे कुत्री-मांजरं ते चाटतात आणि थोड्याशानेही त्यांची किडनी जाते. कॅनमध्ये भरून, वर मोठ्या अक्षरांत 'विषारी' लिहून, जळकं ऑइल जमा करणाऱ्या गॅरेजला विचारून तिथे द्या. फरशीवर सांडलेलं भरपूर पाण्याने आणि साबणाने धुऊन घ्या.